एका हाताचं वजन

नोकरीत होते तोवर मी बायकांना एक वाक्य हजारदा सांगितलं असेल: जड उचलायचं नाही. आरोग्यसेविका होते मी. कारंज्याच्या आसपासची खेडी आधी पायी, मग सायकलनं, शेवटी स्कुटीवर पालथी घातली. ओल्या बाळंतिणीला सांगितलं, टाके घातलेलीला सांगितलं, अंग बाहेर येतं म्हणून पदरात तोंड लपवून बोलणाऱ्या म्हातारीलाही सांगितलं. सगळ्या मान डोलवायच्या, 'हो नर्सबाई' म्हणायच्या, आणि मी फाटकाबाहेर पडत नाही तोच पाण्याची घागर कमरेवर घेऊन निघायच्या. मला असा संताप यायचा. परत फिरून मी त्यांच्या सासवांना झापायची. सासवा शांतपणे विचारायच्या, "मंग पानी कोन आनन? तुमी आनसान का?"

आता एकसष्टाव्या वर्षी मी स्वतः पैसे भरून जड उचलायला जाते. तेही एका हातानं. यावर हसायला घरात कोणी नाही, म्हणून लिहून ठेवते आहे.

मागच्या मे महिन्यात मी कुलरमध्ये पाणी टाकताना पडले. आमच्याकडचा मे ज्यानं काढला नाही त्याला कुलरचं महत्त्व कळायचं नाही. दिवसभर बादल्यांमागून बादल्या पाणी पितो तो, आणि ते खिडकीच्या बाहेरून, उंच हात करून ओतावं लागतं. मिस्टर होते तेव्हा हे काम त्यांचं होतं. ते गेल्यावर ते माझं झालं, सगळंच माझं झालं तसं. ओल्या फरशीवर पाय सटकला, डावा हात अंगाखाली आला, आणि मनगट मोडल्याचा आवाज मी स्वतःच्या कानांनी ऐकला. निदान जागेवरच झालं. मी शेजारणीला हाक मारली. आमची भिंतीला भिंत आहे. ती पीठभरल्या हातांनी तशीच धावत आली, रस्त्यावर उभी राहून ऑटो अडवला, आणि दवाखान्यात माझ्याआधी तीच रडली. मी तिला दटावलं, की हात माझा मोडलाय.

मुलगा पुण्याहून आला आणि मला घेऊन गेला. प्लास्टर असेतोवर मी त्याच्याकडे राहिले. सून चांगली आहे, खोटं कशाला बोलू. रोज सकाळी माझी वेणी घालून द्यायची, पोळीचे तुकडे करून ताटात वाढायची. मला एक खोली दिली होती. तिच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसायची, आणि तिच्यात कायम पडदा ओढलेला. नात शाळेत, हे दोघं ऑफिसात. सकाळी नऊला घर रिकामं व्हायचं ते दिवेलागणीला भरायचं. कारंज्यालाही मी एकटीच असते. पण इथे मी माझ्या घरात एकटी असते, आणि कोणता डबा कुठल्या फळीवर आहे हे मला डोळे मिटून सांगता येतं. तिथे साखर सापडेना म्हणून मी मुलाला ऑफिसात फोन केला होता. त्यानं मीटिंगमधून हळू आवाजात सांगितलं, डावीकडचा वरचा ड्रॉवर. तो चहा मी केला खरा, पण प्यावासा वाटला नाही.

प्लास्टर निघालं तसं मी परत जायचं टुमणं लावलं. मुलगा तीन दिवस नाही म्हणाला. चौथ्या दिवशी वैतागून म्हणाला, "ठीक आहे. दिवाळीला आम्ही कारंज्याला येतो. तोपर्यंत भरलेलं सिलिंडर तुझं तुला उचलून स्वयंपाकघरात नेता आलं तर राहा तिथे. नाही आलं, तर घराला कुलूप लावायचं आणि इकडे यायचं. मग माझ्याशी भांडायचं नाही." पुण्याला गेल्यापासून त्याचं 'मले' जाऊन 'मला' झालंय, आणि माझ्याशी बोलतानाही ते परत येत नाही. मी म्हटलं, "कबूल." कबूल करताना मी माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं नाही. हाड जुळलं होतं, पण किंचित तिरकं. मूठ पुरती वळत नव्हती, आणि ताकदीच्या नावानं शंख. डॉक्टर म्हणाले, हलका व्यायाम करत राहा. या हातानं जड उचलायचं नाही. माझंच वाक्य मला ऐकवलं त्यांनी.

सिलिंडर गोल असतं, ते आडवं करून लोटत न्यावं एवढी अक्कल मलाही आहे. पण आमच्या घराला पायऱ्या आहेत आणि स्वयंपाकघराला चांगला उंच उंबरठा. भरलेलं सिलिंडर म्हणजे तीसेक किलो. ते एका हातानं उचलायचं, नाही तर पुण्याच्या त्या खिडकीशी जाऊन बसायचं, असा सरळ हिशोब होता.

आमच्या गावात जिम आहे हे मला पोरांच्या टी-शर्टांवरून माहीत होतं. महामार्गाला लागून, टायरच्या दुकानामागे, पत्र्याच्या शेडमध्ये. ती चालवणारा माणूस चाळिशीचा. कॉलेजात असताना वजनं उचलण्याच्या स्पर्धांना जायचा म्हणे. आता पोट सुटलंय, पण खांदे अजून तेव्हाचेच. मी दारात उभी राहिले तर त्यानं माझ्यामागे बघितलं.

"कोनाले आनलं मावशी?"

"कोनालेच नाई. मीच आली."

तो हसला नाही, एवढं श्रेय त्याला देते. मी त्याला सगळं सांगितलं: तिरका हात, सिलिंडर, दिवाळी. त्यानं मला सकाळची पोरं कॉलेजात पांगल्यावर यायला सांगितलं. म्हणजे शेडमध्ये आम्ही दोघं, एक पंखा आणि बाहेरून जाणारे ट्रक. नागपूरहून अमरावतीकडे आणि अमरावतीहून नागपूरकडे, कोणालाच कारंज्यात थांबायचं नसतं.

तो म्हणाला, डेडलिफ्ट करू. जमिनीवर निपचित पडलेलं वजन उचलून सरळ उभं राहायचं, बस. मी विचारलं, दोन हातांनी का नाही, डावा नुसता टेकवला तर? त्यावर तो जे बोलला ते मला फार पटलं. "दोन हातानं उचललं ना मावशी, का चोर लपते. जो हात कामचोर हाय, त्याचं काम दुसरा करून टाकते, आन् तुमाले पत्ताच लागत नाई. एका हातानं उचला, मंग समजते कोन चोर हाय."

पहिल्या दिवशी समजलं ते असं, की चोर हात नव्हताच, चोर कंबर होती. त्यानं दोन विटा मांडून त्यावर एक लहानसं डंबेल ठेवलं, कारण सुरुवातीलाच जमिनीपर्यंत वाकायचं नसतं. मी पोत्यावर वाकतात तशी पाठीत वाकले आणि उचललं. वजन वर आलं, पण मी त्याच्या उलट्या बाजूला अशी कलले की त्यानं मला धरायला हात पुढे केला. "असंच उचलत राह्यल्या तं दिवाळीले सिलिंडर नाई, तुमालेच उचला लागन," तो म्हणाला.

आता मी रीत सांगते. नर्स होते, सांगण्याची खोड जात नाही. पाय कमरेच्या रुंदीइतके दूर ठेवायचे. वजन पावलाच्या बाजूला, अगदी घोट्याजवळ. पुढे ठेवलं की पाठ ओढली जाते. मग वाकायचं ते पाठीतून नाही, खुब्यातून. दोन्ही हातांत ताटं असली की आपण मागचं दार ढुंगणानं ढकलून लावतो, तसं मागे जायचं. गुडघे थोडेच वाकवायचे. पाठ मानेपासून माकडहाडापर्यंत लांब आणि सरळ. मूठ घट्ट, खांदा कानाकडे चढू द्यायचा नाही. काखेत वर्तमानपत्राची घडी धरलीय आणि ती पडता कामा नये, असं समजायचं. पोटात श्वास भरायचा आणि कोणी गुद्दा मारणार आहे असं पोट आवळायचं. आणि मग हातानं ओढायचं नाही. इथेच सगळे चुकतात. हात नुसता दोर. पायांनी जमीन खाली ढकलायची, की वजन आपोआप वर येतं. रिकामा हात बाजूला पसरला तरी चालतो, पण शरीर वळू द्यायचं नाही, कलू द्यायचं नाही. दोन्ही खांदे एका रेषेत. सरळ उभं राहायचं, क्षणभर थांबायचं, आणि ज्या वाटेनं वर आलो त्याच वाटेनं हळू खाली. धाडकन टाकलं तर अर्धी मेहनत पाण्यात. दुखणं उठलं तर थांबायचं. हिंमत दाखवायची ही जागा नव्हे.

कमकुवत बाजूनं आधी करायचं, हाही नियम. माझ्या डाव्याला त्यानं कितीतरी दिवस पाण्याची अर्धी बाटलीच दिली. डॉक्टरांनी होकार दिल्यावर मग छोटं डंबेल. माझी चिडचिड व्हायची. उजव्या हातात बादलीएवढं वजन आणि डाव्यात बाटली, आरशात मी अर्धी पहिलवान आणि अर्धी पेशंट दिसायची.

पण फरक पडला. आधी झोपेतून उठताना पाठ धरायची ती सुटली. मग खाली बसल्यावर उठताना जमिनीला हात टेकवायची गरज राहिली नाही. पाण्याची बादली नेताना मी एका बाजूला वाकायची, पाणी हिंदकळून पाय भिजायचे, ते थांबलं. पकड तर अशी आली की लोणच्याच्या बरणीचं झाकण मी पहिल्यांदा स्वतः उघडलं. आधी त्या बरणीसाठी मी शेजारणीकडे जायची. तिलाही ते उघडायचं नाही. मग आम्ही दोघी पदरानं धरून, एकीनं बरणी आणि एकीनं झाकण, असं करायचो, आणि ते उघडेपर्यंत तिच्या सुनेचा अर्धा इतिहास माझा ऐकून व्हायचा.

आमच्या आळीत एक रीत आहे. तिला 'हात लावणं' म्हणतात. कोणाचं ओझं जमिनीवर असेल आणि तिनं हाक दिली, "हात लावजो व," तर ऐकणारीनं हातातलं काम टाकून जायचं आणि ओझं उचलू लागायचं. नाही म्हणायची सोय नाही. पण हाक आल्याशिवाय दुसऱ्याच्या ओझ्याला हातही लावायचा नाही. तसं केलं तर 'तुझ्यानं आता होत नाही' असं म्हटल्यासारखं होतं, आणि बायका ते वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. माझी हाक कायम शेजारणीला. दळणाचा डबा आम्ही दोघी मिळून न्यायचो. डब्याला दोन्हीकडून कड्या आहेत. एक तिच्या हातात, एक माझ्या. गिरणी गल्लीच्या टोकाला, पण आम्हाला तिथे पोचायला भला वेळ लागायचा, कारण मध्ये दोनदा डबा खाली ठेवून बोलणं व्हायचं.

पावसाळा सरत आला तेव्हा एक दिवस मी तो डबा एकटीनं उचलला. दोन्ही कड्यांतून ओवलेली दोरी उजव्या हातात, पाठ सरळ, खांदे एका रेषेत. ती ओट्यावर मेथी निवडत बसली होती. मी तिच्यासमोरून ताठ चालत गेले. लहान मुलाला सायकल येते तेव्हा तो घरासमोरूनच दहादा जातो, तसंच होतं ते माझं. मी म्हटलं, "झाली बापा सोय!" तीही म्हणाली, "हो, झाली." आणि मेथीत मान घातली.

त्यानंतर तिच्याकडून काही येईना. आमच्यात भिंतीवरून कटोरी जायची-यायची; तिनं अळूची भाजी केली की माझ्याकडे, मी आंबाडीची केली की तिच्याकडे. ते थांबलं. सकाळी दारात झाडताना ती 'चहा झाला का' विचारायची, आता पाठ करून झाडायची. मी आधी म्हटलं, सुनेशी वाजलं असेल. मग म्हटलं, गुडघे दुखत असतील. मग म्हटलं, जळते. माझा स्वभाव असा की कोणी फुगून बसलं की मी त्याच्या दुप्पट फुगते. मीही मान वळवून जायला लागले.

ते दिवस वाईट होते. मिस्टर गेले तेव्हा लोक होते; निदान आठवडाभर तरी होते. आता कोणी गेलं नव्हतं आणि तरी घरात आवाज नव्हता. दिवसभरात माझं तोंड फक्त जिममध्ये उघडायचं, आणि तेही आकडे मोजायला: दहा वेळा उचललं की एक सेट, मग विश्रांती. रविवारी विहारात वंदनेला जायची, तिथे चार बायका भेटायच्या, विचारायच्या, नर्सबाई बारीक झाल्या का? मी म्हणायची, हो. आणि घरी यायची. एकदा सिलिंडरवाला आला. मी त्याला फाटकाशीच ठेवायला सांगितलं, तो गेल्यावर फाटक ते पायरी, पायरी ते व्हरांडा, असं टप्प्याटप्प्यानं नेलं. उंबरठ्यावर एकदा टेकवलं, आणि गेलं आत. ओट्याखाली लावलं आणि मी तिथेच फरशीवर बसले. आनंद झाला होता. तो सांगायला म्हणून मी दारापर्यंत आलेसुद्धा. शेजारणीचं दार बंद होतं.

मुलाचा फोन रोज संध्याकाळी यायचा. हात मोडल्यापासून एक दिवस चुकला नव्हता. पहिल्यांदा अर्धा अर्धा तास चालायचा. कुठे दुखतं, औषध घेतलं का, बाथरूममध्ये चप्पल घालून जातेस ना, रात्री लाइट ठेवतेस ना. त्याच्या शाळेच्या दिवसांत त्यानं मला कधी इतके प्रश्न विचारले नव्हते. मी सांगायची, आज इतकं उचललं. तो म्हणायचा, वा! आणि मग हळूहळू माझ्या लक्षात आलं की वजन वाढत होतं तसा फोन आखूड होत होता. ऑक्टोबरात तर 'ठीक ना?', 'ठीक', 'चल ठेवतो' एवढ्यात आटपायचा. मी त्याला दोष देत नाही. ज्याची काळजी नाही त्याला काय विचारणार?

कोजागिरीला शेजारणीचं दूध आलं नाही. इतक्या वर्षांत ते चुकलं नव्हतं. मिस्टर गेले त्या वर्षीही तिनं आणून दिलं होतं. तेव्हा मात्र माझा फुगा फुटला. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे राहिलेली तिची कटोरी घेतली, रिकामी परत करत नाहीत म्हणून तीत चिवडा भरला, आणि गेले. ती चुलीशी नव्हती, टीव्हीसमोर होती, पण टीव्ही बंद होता.

"काऊन वो, राग आला का माह्यावर?" मी विचारलं.

"मले कायचा राग," ती म्हणाली. "राग तं तुमाले आला."

"मले?"

"मंग? तुमी हाक देनं बंद केलं. माह्या डोळ्यापुढून डबा एकट्या घेऊन गेल्या. सिलिंडर आलं, मी खिडकीतून पाहून राह्यली होती, तुमी ते एकट्यानंच ओढत नेलं. हात मोडला तवा कामाची होती मी. आता गरज सरो वैद्य मरो."

मी तिच्यासमोर बसले. आमच्यात हाक बंद करणं म्हणजे अबोला धरणं, हे मला काय कोणी शिकवायला हवं होतं? या आळीत मी तीस वर्षं काढली. अमकीनं तमकीला हाक देणं सोडलं, म्हणजे दोघींचं बिनसलं, हे मीच गावभर सांगत फिरलेय. आणि स्वतः ते केलं, वर छाती काढून चालले. मग मी तिला पुण्याची अट सांगितली. ती मी तिला सांगितलीच नव्हती. घराला कुलूप लागू शकतं हे तोंडातून काढायची मला भीती वाटत होती, आणि थोडी लाजही. आपल्याच पोरानं आपली परीक्षा घ्यावी!

ऐकून ती म्हणाली, "त्याले सांगाचं ना, का शेजारीन हाय म्हून."

"त्यानं एकटीनं म्हटलं होतं."

"एकटीनं काय असते," ती म्हणाली, आणि कटोरीतला माझा चिवडा खायला लागली.

त्या आठवड्यात दळण निघालं. मी डबा फाटकाशी नेऊन ठेवला आणि हाक दिली, "हात लावजा जरा." ती जरा उशिरानं आली, मुद्दाम. एक कडी तिनं धरली. तिचा गुडघा खरंच दुखत होता, डबा तिच्या बाजूला कलत होता, आणि तिच्या वाटणीचं वजनही माझ्याच हातात येत होतं. मी कडी तशीच धरून चालले. दोनदा खाली ठेवला. एका हातानं मी पाच मिनिटांत जाऊन आले असते.

दिवाळी आली. आमच्याकडे दिवाळी सणापेक्षा सुट्टी म्हणूनच येते, पण फराळ होतो आणि पोरं घरी येतात, तेवढं पुरे. मुलगा, सून, नात गाडीनं आले. घर भरलं. माझ्या बाथरूमला रांग लागली, त्याचाही मला आनंद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जास्तीचं भरलेलं सिलिंडर बाहेर काढून ठेवलं. मुलगा म्हणाला, "अगं, राहू दे, मी मस्करी केली होती." मी म्हटलं, "मस्करी नव्हती ती." तो ओशाळला. मग त्यानं मोबाइल काढला.

मी सिलिंडरच्या बाजूला उभी राहिले. मागे गेले, पाठ लांब केली, कडं धरलं, पोटात श्वास भरला आणि जमीन ढकलली. सिलिंडर उठलं. मी न कलता पायऱ्या चढले, उंबरठा ओलांडला, आणि आवाज न करता खाली ठेवलं. नात टाळ्या वाजवत होती. सुनेच्या डोळ्यांत पाणी होतं. मुलानं मला मिठी मारली, जी तो लग्नानंतर विसरला होता. व्हिडिओ त्यानं तिथल्या तिथे सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. दिवसभर फोन वाजत राहिला. वाघीण, लोखंडी काकू, नर्सबाईंचा नाद खुळा. ज्यांनी मला वर्षभरात एकदाही फोन केला नव्हता त्यांनीही अंगठे पाठवले.

रात्री जेवताना तो खरोखर मोकळा दिसत होता. इतकं मोकळं मी त्याला बापाच्या आजारपणापासून पाहिलं नव्हतं. "आई, डोक्यावरचं ओझं उतरलं माझ्या," तो म्हणाला. मग सुनेकडे बघून, "मग आता ती खोली पिल्लूला देऊन टाकू. तिचं अभ्यासाचं टेबल बसेल तिथे." सून म्हणाली, हो, पडदेही बदलू. मी म्हटलं, "द्या की. मोठी झाली ती." आणि उठून नातीला भात वाढला. जिंकले होते मी. मला जायचं नव्हतंच तिथे. मला एवढंच हवं होतं, की त्यानं आणखी एकदा म्हणावं, आई, तरी चल. मी नाहीच म्हणणार होते. पण नाही म्हणायला तरी कोणी विचारायला हवं.

ते मी त्याला सांगू शकले नाही. शेजारणीला जे सांगता येतं ते पोराला सांगता येत नाही. तिला 'हात लावजा' म्हटलं तर ती डब्याची कडी धरते. त्याला म्हटलं असतं, तर त्यानं घराला कुलूप लावलं असतं.

तिसऱ्या दिवशी ते निघाले. त्यांच्यासाठी मी बॅग भरली होती. तुरीची डाळ, शेवया, फराळाचे डबे, आणि नातीला आवडतात म्हणून ओळखीच्या मळ्यातून आणलेली संत्री. बॅग चांगलीच जड झाली. गाडी फाटकाबाहेर उभी होती. सून नातीला सीटवर बसवत होती, मुलगा डिक्की उघडून जागा करत होता. मी बॅग व्हरांड्यातून उचलली आणि पायऱ्या उतरले. फाटकाशी येऊन मी ती खाली ठेवली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिले. दमले नव्हते. आमच्या आळीत बाई ओझं खाली ठेवून अशी उभी राहिली की तिला तोंडानं हाक द्यावी लागत नाही; उभं राहणं हीच हाक. शेजारच्या ओट्यावरून शेजारीण उठायला लागली. मी तिला डोळ्यांनीच बस म्हटलं.

मुलानं वर पाहिलं. तो इथेच वाढला, याच फाटकात. तो हसला.

"सेटच्या मध्ये रेस्ट का आई?" तो म्हणाला, आणि डिक्की धरून उभा राहिला.

मी पाय कमरेइतके दूर ठेवले. बॅग घोट्याजवळ होती. मागे गेले, पाठ सरळ ठेवली, पट्टा धरला, श्वास भरला. बॅग वर आली आणि मी ती गाडीपर्यंत नेली, कुठेही कलले नाही. डिक्कीच्या काठावर टेकवली, तेव्हा त्यानं ती आत सरकवली आणि झाकण लावलं.

"आता खरंच टेन्शन नाही तुझं," तो म्हणाला. पाया पडला, गाडीत बसला. पोचल्यावर फोन करतो म्हणाला, आणि पोचल्यावर त्यानं मेसेज केला.